टोळीची पाहुणी

ज्योती संगमनेरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची, आणि तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास संपला की तुमचा आणि कॉलेजचा संबंध संपला. त्यातून तिचा विषय आंतरराष्ट्रीय संबंध. या विषयाची एक गंमत आहे. जगातल्या दोनशे देशांनी एकमेकांशी कसं वागावं याचा विचार करण्याचा मान पाच-सहा शहरांकडे आहे आणि ती सगळी शहरं समुद्रापलीकडे आहेत. बाकीच्यांनी उदाहरणं पुरवायची. दुष्काळ, दंगल, निर्वासित, सीमेवरचा गोळीबार, घरात जे काही असेल ते पाठवून द्यायचं. त्यातून सिद्धांत काढायचं काम तिकडे होतं आणि तो सिद्धांत जाडजूड पुस्तकात बसून आपल्याकडे अभ्यासक्रमाला येतो.

हे ज्योतीला शिकवलं शोभा मॅडमनी. त्या तिच्या पीएचडीच्या गाइड, आता निवृत्त. तीन पिढ्या शिक्षकी पेशा केलेल्या घरातल्या. जगाच्या राजकारणावर त्यांनी तीस वर्षं मराठीत लिहिलं. आपले लेख दोघेच वाचतात, एक मुद्रितं तपासणारा आणि दुसरी मी, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या. तरुणपणी त्यांनी एकदा एक निबंध इंग्रजीत करून परदेशी पाठवला होता. 'भारताविषयीची माहिती चांगली आहे' एवढा शेरा मारून तो परत आला. माहिती त्यात चार ओळींची होती, बाकी सगळा विचार होता. तो शेरा त्यांच्या मनात चाळीस वर्षं सलत होता. ज्योती हाताशी आल्यावर त्यांना वाटलं, आता हिच्याकडून हिशेब चुकता करून घेऊ. गुरूंचे असे हिशेब शिष्यांच्या डोक्यावर कधी येऊन बसतात ते शिष्यांना कळत नाही.

ज्योती पाथर्डीच्या पूर्वेकडची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. आईबाप लवकर गेले. तिला आणि तिच्या भावाला, बिभीषणला, रंगुआत्यानं वाढवलं. आत्या विधवा होऊन माहेरी आलेली आणि तिनंही उभा जन्म कोयता चालवलेला. बिभीषण आठवीत शाळा सोडून ऊसतोडीच्या टोळीत गेला, कारण दोघांपैकी एकालाच शिकवणं जमणार होतं आणि ज्योतीला पुस्तकाचा नाद होता. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. ज्योतीला डॉक्टरेट मिळाली तेव्हा मात्र त्यानं कोल्हारच्या तळावर पेढे वाटले आणि आपली बहीण कसली डॉक्टर आहे हे कुणालाही नीट सांगता न आल्यामुळे 'देशादेशांची डॉक्टर' असं सांगून मोकळा झाला.

तिच्या विषयाचा मूळ प्रश्न सोपा आहे. देशांच्या डोक्यावर कुणी कोतवाल नाही. मग दोन देशांनी एकमेकांना दिलेला शब्द पाळला जातो तो कशाच्या जोरावर? पुस्तकं सांगतात, बळाच्या, भीतीच्या, नाहीतर फायद्याच्या. ज्योती म्हणाली, आमच्या टोळ्यांच्या डोक्यावरही कुणी नसतं. मुकादम असतो, पण तो कारखान्याचा. तरी शब्द पाळला जातो, आणि कसा ते मी लहानपणापासून बघितलंय.

प्रवरेकाठी कोल्हारजवळ दर हंगामाला दोन टोळ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडायच्या, एक पाथर्डीकडची आणि एक खानदेशातली. दोन्ही टोळ्या एकाच मुकादमाच्या हाताखाली. भाषा वेगळी, देव वेगळे, आणि नदीच्या पाण्यावरून पहिल्याच आठवड्यात शिव्यागाळी. अशा वेळी एका टोळीवर काही संकट आलं, कुणाला साप चावून पान लागलं, कुणी बाळंतपणात अडली आणि टोळी दवाखान्यासाठी गाडी मागत काम थांबवून बसली, की मुकादम तिचा उसाचा फड दुसरीला द्यायचा. बसलेले झक मारत उठायचे. यावर बायकांनी तोड काढली होती. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक टोळी आपली एक जाणती बाई दुसऱ्या टोळीत राहायला पाठवायची. तिथंच तिची चूल, तिथंच अंथरूण, तिथल्याच बायकांबरोबर मोळ्या बांधणं. तिला पाहुणी म्हणायचे. टोळी बसली की तिच्यात राहणारी पाहुणी आपल्या माणसांना निरोप धाडायची, खरंच अडचण हाय, मी डोळ्यांनी बघितलं. आणि आपल्यात त्यांची पाहुणी भाकरी थापत असताना तिच्या समोरून उठून तिच्या माणसांचा फड तोडायला जाण्याचा निलाजरेपणा कुणाच्यानं व्हायचा नाही. दोन्ही टोळ्या बसायच्या. कारखान्यात उसाच्या गाड्या कमी पडल्या की तिकडून फोन यायचा आणि तासाभरात गाडी हजर व्हायची. बावीस वर्षं हे चाललं होतं. पाथर्डीची पाहुणी रंगुआत्या, खानदेशाची बनुबाई.

मुकादमाला यातलं काही माहीत नव्हतं. म्हातारी बाई दुसऱ्या टोळीत का राहते, असं त्यानं विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं: घरात सुनेशी पटत नाही. रंगुआत्याला सून नव्हती, म्हणून तो मान भाचेसुनेला, बिभीषणच्या बायकोला मिळाला. विजयमाला गरीब गाय. मुकादम दर हंगामाला तिला, म्हाताऱ्या माणसाला असं वागवू नये म्हणून ऐकवायचा आणि ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. मग कोपीत जाऊन पदर तोंडात कोंबून हसायची.

ज्योतीनं पीएचडीसाठी विचारलं तेव्हा आत्यानं सगळं सांगितलं. तिला कौतुकच वाटलं, आपल्या उद्योगावर कुणी वही भरतंय याचं. अट एकच घातली. "काय लिवायचं ते लिव, पर मुकादमाच्या कानाव जाऊ देऊ नको." ज्योती म्हणाली, आत्या, ते इंग्रजीत असतं, परदेशातले लोक वाचतात. आत्या म्हणाली, मग वाचू दे.

तो लेख छापून येईपर्यंत अडीच वर्षं गेली. कॉलेजात एक कायम जागा निघणार होती, आणि परदेशी मासिकात एक लेख असल्याशिवाय मुलाखतीला बोलावणंही अवघड, असं प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं. पहिल्या मासिकानं कळवलं, वर्णन वेधक आहे, पण हे मजूर आहेत, देश नव्हेत, मानववंशशास्त्राकडे पाठवा. दुसऱ्यानं सोळा नावं दिली, यांचे आधार घ्या म्हणून. तिसऱ्याकडे गाडी अडली ती एका शब्दावर. तिथल्या परीक्षकाचं म्हणणं, तुम्ही जिला पाहुणी म्हणता ती ओलीस आहे, आणि ओलिसांवर आमच्याकडे भरपूर लिहून झालंय. ज्योती हट्टाला पेटली. ओलीस धरून ठेवावा लागतो, पाहुणी आपल्या पायांनी जाते आणि आपल्या पायांनी परत येऊ शकते, सगळा फरक तिथंच आहे, हे तिनं तीन वेळा लिहून पाठवलं. मग मागणी आली की काम थांबवण्याची रीत पायरीपायरीनं सांगा, नाहीतर हा नुसता दावा ठरतो. तिनं चार पानं घातली. शेवटी परीक्षकानं विचारलं, ही व्यवस्था तिसऱ्या पक्षाला कळली तर काय होतं? ज्योतीनं तळटीप दिली: अभ्यासाच्या काळात अशी घटना आढळली नाही.

लेख जूनमध्ये आला. शोभा मॅडमनी तो छापून घेऊन दोनदा वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले. यांनी आपल्याकडून माहिती नाही घेतली ज्योती, विचार घेतला, असं त्या म्हणाल्या. आणि मग, आता हे मराठीत आलं पाहिजे. आपलं ज्ञान तिकडं जाऊन तिकडंच राहतं, हे पाप आपण तरी करू नये.

ज्योतीला ते मनापासून पटलं. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी तिनं एका बैठकीत लेख लिहिला. संशोधनाचे नियम तिनं काटेकोर पाळले. प्रवरा गेली, तिथं गोदाकाठ आला. आत्याचं नाव काढून 'एक ज्येष्ठ महिला' केलं, गावांची नावं गाळली, टोळ्यांची गाळली. परदेशातून आलेल्या नीतिमत्तेच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, कुणाची ओळख उघड होते का; त्याच्यापुढे तिनं डोळे मिटून 'नाही' लिहिलं असतं. फक्त एक वाक्य तिला सोडवेना, 'सुनेशी पटत नाही' हे वाक्य. त्यात बायकांचं सगळं चातुर्य होतं, ते ठेवलं तर लेखाला जीव येणार होता. तिनं ठेवलं. आत्याची अट तिला आठवली नाही असं नाही. आठवली, आणि तिनं मनाशी म्हटलं, मुकादम कुठं पुरवणी वाचतोय. आपल्याकडची माणसं विचार करत नाहीत, वाचत नाहीत, हे समुद्रापलीकडचे लोक आपल्याविषयी धरून चालतात म्हणून ती अडीच वर्षं भांडली होती. आणि आपल्या माणसांविषयी तिनं नेमकं तेच धरलं.

गोरक्षनाथ मुकादम बारावी शिकलेला होता. कोल्हारच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून तो रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, रविवारी पुरवणीसुद्धा.

दिवाळीनंतर टोळ्या आल्या. रंगुआत्या खानदेशच्या कोप्यांत गेली, बनुबाई पाथर्डीच्या कोप्यांत आली. गोरक्षनाथनं दोघींना राम राम घातला. विजयमालाला मात्र या खेपेला तो काही बोलला नाही. सुधारला वाटतं, असं ती बिभीषणला म्हणाली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खानदेशच्या टोळीला त्यानं सांगितलं, सोनईकडं पंधरा-वीस दिवसांचं काम आहे, कोप्या मोडा, गाडी लावलीय. रंगुआत्यानं विचार केला, आपण काय करायचं. पाहुणी हंगामाच्या मध्ये उठून आली असं कधी घडलं नव्हतं. तीही आपलं गाठोडं घेऊन त्यांच्याबरोबर गाडीत चढली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बिभीषण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होता. फळी सरकली. तो पाठीवर पडला आणि मोळी त्याच्या पोटावर. उठून बसला, पाणी प्याला, मुका मार हाय म्हणाला, आणि थोड्या वेळानं पांढरा पडून आडवा झाला. टोळीनं कोयते खाली ठेवले आणि गाडी मागितली. सरकारी गाडीसाठी १०८ ला फोन लावला, तर ती दुसऱ्या अपघातावर गेलेली, तासाभरानं पुन्हा लावा म्हणाले; तासाभरानं लावला तरी तेच. मोठा दवाखाना पाऊण तासाच्या आत होता. ज्योतीला फोन करू का, असं विजयमालानं विचारलं, तेव्हा बिभीषणच नको म्हणाला. तिची मुलाखत आलीय, उगं घाबरी हुईल.

बनुबाई आपल्या माणसांना निरोप धाडायला उठली आणि मग तिच्या ध्यानात आलं की निरोप जायला तिकडं कोप्याच नाहीत. तिच्याजवळ फोन नव्हता, आणि तिकडचा नंबर इथं कुणालाच ठाऊक नव्हता. दुपारी गोरक्षनाथ मोटारसायकलवर आला. आवाज न चढवता त्यानं टोळीला सांगितलं की तुमची रंगुबाई सोनईला आहे, तिथल्या माणसांना मी सांगून ठेवलंय. तुम्ही दोन गाड्या भरून द्या, संध्याकाळपर्यंत म्हातारी इथं आणून सोडतो. बसलात तर ती तिकडंच राहील, आणि तिकडं तिचं काही बरंवाईट झालं तर मला विचारू नका. पाहुणी कशाला असते ते मलाही कळतं आता.

टोळीत मोठी वादावादी झाली. कुणी म्हणालं, बनुबाई आपल्या ताब्यात हाय, तिला आपणही सोडायचं नाही. बनुबाई तिथंच बिभीषणच्या उशाशी बसून हे ऐकत होती. बिभीषणनं हात वर केला. "तिला काय बी बोलायचं न्हाई. पाव्हनी हाय ती. उठा, कापा. आत्याला आना." मग टोळी फडात गेली.

विजयमालालाही कोयता घ्यावा लागला, दोन गाड्या भरायच्या तर हात कमी पडत होते. दिवसभर बिभीषणजवळ बनुबाईच होती. ओलं फडकं त्याच्या ओठांना लावत होती. दिवस मावळता मावळता रंगुआत्या उसाच्या रिकाम्या ट्रकमधून उतरली. तिला तिकडं कुणी अडवलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. ती आपली दिवसभर मोळ्या बांधत होती, खानदेशच्या बायकांनी तिला चटणी-भाकरी वाढली होती. तिच्या नावानं कोल्हारला काय चाललंय हे ना तिला ठाऊक, ना त्यांना. गाडी आली, बस म्हणाले, बसली. बिभीषणला बघून तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिला सोडून ट्रक लगेच निघून गेला होता आणि रात्री दुसरी गाडी मिळेना; ती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली, आणि दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत तो गेला. आत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, काल आणला असता तर.

ज्योती पोचली तेव्हा शवविच्छेदन चाललं होतं. तिला सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं. मुकादमाला कसं कळलं, हा एकच प्रश्न जो तो विचारत होता. गोरक्षनाथ फाटकाबाहेर उभा होता. तो ज्योतीला बघून पुढं आला आणि हात जोडले. त्याला वाईट वाटलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. माणूस मरावा असं त्याच्या मनात नव्हतं. त्याच्या मनात दोन गाड्या भराव्यात एवढंच होतं.

"ताई, लेख चांगला हुता तुमचा," तो म्हणाला. "बावीस वर्षं मला वाटायचं, म्हातारीचं घरात पटत न्हाई. त्या पोरीला मी किती बोललोय. तुमच्यामुळं कळलं."

तो हे टोमण्यानं बोलला नाही. एखाद्यानं रस्ता दाखवल्यावर आभार मानावेत तसं बोलला, आणि म्हणून ज्योतीला त्याच्या मुस्काटात मारता आलं नाही. तिनं आजूबाजूला बघितलं. कुणी ऐकलं नव्हतं.

तिकडं तळावर टोळीनं उत्तर शोधून काढलं होतं. पाहुणीचं गुपित बाहेर फोडायला दुसरं होतंच कोण? टोळीतला माणूस सांगणार नाही. राहिली बनुबाई. तिचीच टोळी नेमकी आदल्या दिवशी हलली, हा योगायोग कसा? बायका तिच्यावर धावून गेल्या. तिचं गाठोडं रस्त्यावर फेकलं, तिची चूल लाथेनं मोडली. बनुबाई रस्त्याच्या कडेनं एकटी चालत गेली, मग कुठल्याशा टेम्पोनं तिला सोनईकडं सोडलं. हे ज्योतीला विजयमालानं सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात समाधान होतं. नवरा गेल्यावर कुणावर तरी राग धरता यावा, एवढंच तिच्या हातात राहिलं होतं. ज्योतीनं ऐकून घेतलं.

दहाव्यापर्यंत ती गप्पच होती. शोभा मॅडमना मात्र तिनं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, मराठीत लिही असं मी म्हटलं होतं. यात माझाही वाटा आहे. ज्योतीला तेवढ्यापुरता आधार वाटला आणि लगेच त्या आधाराची लाज वाटली. मॅडमना कोण काय विचारायला येणार होतं? त्यांना बनुबाई माहीत नव्हती. ज्योतीनं मात्र लहानपणी दोन हंगाम आत्याबरोबर खानदेशच्या कोप्यांत काढले होते, आणि बनुबाईच्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली होती.

दहाव्याला माणसं पांगल्यावर तिनं रंगुआत्याला सांगितलं. सगळं, लेखासकट, त्या एका वाक्यासकट. आत्या भिंतीला टेकून बसली होती. ज्योतीला वाटलं, आत्या ओरडेल, निदान रडेल. आत्यानं फक्त विचारलं, मुकादम वाचत आसंल असं तुला वाटलं न्हाई? ज्योती म्हणाली, नाही वाटलं. मी नावं सगळी बदलली होती आत्या, कुणाला त्रास होऊ नये म्हणून.

"नाव घ्यायचं की माझं," आत्या म्हणाली. "माझ्या नावाला कोन काय करनार हुतं? मी हाय कोन?"

ती बराच वेळ हातावरची जुनी कापल्याची खूण चोळत राहिली. ज्योतीनं विचारलं, टोळीपुढं सांगू का? आत्या म्हणाली, टोळीला मी सांगंन. तू बनुला जाऊन सांग. तिच्यावर आळ हाय. मला सांगून काय, माझा गेला तो गेला.

मुलाखतीचं पत्र ज्योतीच्या पर्समध्येच होतं, चार दिवसांनंतरच्या तारखेचं. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाली आणि बाराच्या सुमारास सोनईला उतरली. टोळीचा तळ विचारत विचारत पाटाच्या कडेनं चालत गेली. बायका फडातून नुकत्याच आल्या होत्या. बनुबाई कोपीच्या दाराशी उसाच्या हिरव्या शेंड्यांची, वाढ्यांची पेंढी सोडवत होती. तिनं ज्योतीला ओळखलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बिभीषणचं दहावं झालं का, एवढं विचारलं.

ज्योती तिच्यासमोर मातीत बसली. परदेशी परीक्षकांसमोर चार-चार पानं समर्थन लिहिणारी ही बाई, तिला तिथं शब्द सापडेनात. मुकादमाला तुम्ही सांगितलं नाही, मला माहीत आहे, असं तिनं कसंबसं सुरू केलं. बनुबाई पेंढीची गाठ सोडवत राहिली. तिची बोली खानदेशी, पण इतके हंगाम इकडं काढून तिचं बोलणं इकडचंच झालं होतं.

"म्या सांगितलं न्हाई, असं मलाबी वाटत हुतं," ती म्हणाली. "पर सगळीच म्हनायला लागली, मंग मी आठवत बसले. धा दिस तेच. हाटेलात बोलले आसंन का. दळनाच्या गिरनीत कुनाफुडं तोंडातनं गेलं आसंल का. त्याच्या तोंडात पानी घालत हुते न्हवं मी, तवा तो माझ्याकडंच बघत हुता. मला वाटतं, त्याला कळलं आसंल, की हिनंच सांगितलं."

"मी सांगितलं," ज्योती म्हणाली. "पेपरात लिहिलं. मुकादमानं ते वाचलं."

बनुबाईचे हात थांबले. पेपरात का लिहिलं, असं तिनं विचारलं नाही. ज्योतीकडं ती नीट बघत राहिली, ओळखीच्या माणसाकडं बघतात तशी नाही. पलीकडच्या कोपीतून कुणीतरी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. दहा दिवस जे अंगावर वागवलं ते खाली पडल्याचं ते पाणी होतं, आणि ज्योतीच्यानं ते बघवेना. आत्याला घेऊन येते, टोळीतल्या बायकांना माफी मागायला लावते, पुढच्या हंगामाला पुन्हा पाहुणी, असं काहीबाही ती बोलायला लागली.

"कशाची पाव्हनी," बनुबाई म्हणाली. "आमच्या मान्सांनी काल मुकादमाला शब्द दिला. तुमची टोळी बसली तर तुमचा फड आमी तोडनार."

ती उठली. पेंढी उचलून तिनं आत टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि परत दाराशी येऊन उभी राहिली.

"सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "आता जा. आन परत कुन्या बाईला काय इचारत जाऊ नको."

ज्योती उठली, मागची माती झटकली आणि पाटाच्या कडेनं स्टँडकडं निघाली.